जहाज फुटल्यानंतर

खानदेशाला समुद्र नाही. जळगावहून जवळचा किनारा गाठायचा तर तापीच्या कडेकडेने सुरतेपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर जावे लागते. तरीही जहाज फुटून परक्या किनाऱ्याला लागलेल्या माणसांचे भारतातले एक अतिशय जुने आणि सविस्तर चित्र याच भागाच्या उंबरठ्यावर आहे. नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला उतरायचे, वाघूर नदीच्या वळणावरची अजिंठ्याची लेणी चढायची आणि सतरा क्रमांकाच्या लेण्यात शिरून उजव्या भिंतीपाशी थांबायचे.

तिथे फारसे कोणी थांबत नाही. लोक पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून आलेले असतात. सतराव्यात गाईड पडवीतले भवचक्र दाखवतो, आरशात पाहून शृंगार करणारी राजस्त्री दाखवतो, विजेरीचा झोत क्षणभर फिरवतो आणि सगळे पुढच्या लेण्याकडे निघतात. त्या राजस्त्रीच्या शेजारीच वीस खांबांच्या सभामंडपाची उजवी भिंत आहे आणि तिचा मोठा भाग एकाच कथेने व्यापला आहे. ती कथा सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची. अभ्यासक तिला सिंहल अवदान म्हणतात. ती ठाऊक नसेल, तर भिंतीवर गर्दी, हत्ती, घोडे, बायका आणि कोसळलेल्या गिलाव्याचे डाग एवढेच दिसते. ठाऊक असेल, तर माणूस तिथून लवकर हलत नाही.

सिंहकल्पा नावाची राजधानी. तिथे सिंहकेसरी राजा राज्य करतो. त्याच नगरीतल्या सिंहक नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा सिंहल. पाचशे व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन तो समुद्रावर निघतो. भर समुद्रात मकर जहाज फोडतो. हाताला लागेल त्या फळीला धरून माणसे ताम्रद्वीपाच्या किनाऱ्याला लागतात. किनाऱ्यावर सुंदर स्त्रिया त्यांची वाटच पाहत उभ्या असतात. आम्हाला नवरे नाहीत, तुम्हाला घर नाही, हे घर, हे अन्न, हे बगीचे तुमचेच, असे म्हणून त्या त्यांना घरी नेतात. अट एकच: दक्षिणेकडच्या वाटेने जायचे नाही. व्यापारी संसाराला लागतात, मुलेही होतात. एका रात्री सिंहल तलवार घेऊन त्याच दक्षिणेच्या वाटेने निघतो आणि लोखंडी तटाच्या, दार नसलेल्या एका नगरापाशी पोहोचतो. आतून माणसांचा आक्रोश ऐकू येतो. शेजारच्या शिरीषाच्या झाडावर चढून तो आतल्या लोकांशी बोलतो, तेव्हा त्याला कळते की तेही जहाज फुटून इथे आलेले व्यापारीच आहेत. त्यांचेही असेच स्वागत झाले होते. नवे लोक किनाऱ्याला लागले त्या दिवशी त्यांना या कोठडीत टाकले गेले, आणि आता त्या स्त्रिया, म्हणजे राक्षसिणी, त्यांना एकेक करून खात आहेत.

सुटकेचा मार्गही तेच सांगतात. पौर्णिमेच्या उपोसथाला, म्हणजे उपवासाच्या व्रतदिवशी, बालाह नावाचा दिव्य घोडा येतो आणि पलीकडे कोणाला जायचे आहे, असे तीनदा विचारतो. व्यापारी त्याच्या पाठीवर बसतात. राक्षसिणी मुलांना कडेवर घेऊन मागे धावतात, विनवतात. ज्यांचे मन मागे वळते ते खाली पडतात. पलीकडे पोहोचतो तो एकटा सिंहल.

कथा इथेच संपली असती तर ती मोहाविषयीची शिकवण एवढीच राहिली असती. पण सिंहलाची बायको झालेली राक्षसीण मुलाला घेऊन त्याच्या मागोमाग सिंहकल्पेत येते आणि याने मला टाकले, अशी फिर्याद राजाकडे करते. सिंहल राजाला परोपरीने बजावतो. राजा तिच्या रूपाला भुलतो आणि तिला अंतःपुरात ठेवून घेतो. रात्री ती आपल्या बहिणींना बोलावते. सकाळी राजवाड्याचे दरवाजे उघडत नाहीत आणि वर गिधाडे घिरट्या घालत असतात. सिंहल शिड्या लावून आत शिरतो आणि उरलेल्या राक्षसिणींना हाकलून लावतो. लोक त्यालाच राजा करतात. मग तो सैन्य घेऊन ताम्रद्वीपावर उतरतो, राक्षसिणींना जिंकतो, आणि त्या बेटाला त्याचेच नाव पडते.

ही सगळी कथा भिंतीवर आहे, पण पुस्तकाच्या पानासारखी डावीकडून उजवीकडे वाचायला गेलो तर हाती काही लागत नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलोफ यांनी अजिंठ्याच्या कथाचित्रांवर आयुष्यभर काम केले. त्यांनी दाखवून दिले की इथले चित्रकार प्रसंग कालक्रमाने मांडत नाहीत, ठिकाणानुसार मांडतात. राजधानीत घडलेले सारे, मग ते सुरुवातीचे असो की शेवटचे, एका भागात येते. बेटावरचे सारे दुसऱ्या भागात. म्हणून फुटलेल्या जहाजातून आलेला भांबावलेला सिंहल आणि सैन्य घेऊन आलेला राजा सिंहल एकाच किनाऱ्यावर, एकमेकांपासून फार दूर नाहीत. माझ्या मते या चित्राचे खरे बळ इथेच आहे. ज्या वाळूवर माणूस निराधार होऊन पडला, त्याच वाळूवर पुढे तो हत्तींसह उतरतो, आणि पाहणाऱ्याला दोन्ही एकाच नजरेत दिसते.

आता चित्रकाराने कशाला किती जागा दिली ते पाहा. जहाज फुटण्याचा प्रसंग त्याने आटोपता घेतला आहे. त्याची भिंत भरली आहे ती नंतरच्या गोष्टींनी: तंबूंत बायकांबरोबर रमलेले व्यापारी, त्याच बायकांची खरी रूपे, केस सोडलेल्या, सुळे बाहेर आलेल्या, रक्त पिणाऱ्या, पांढरा घोडा, राजसभेत उभी असलेली ती लावण्यवती आणि तिच्याकडे पाहणारा राजा, राजवाड्यावरची गिधाडे, नव्या राजाच्या डोक्यावर कलशांनी होणारा अभिषेक, नावांमधून उतरणारे हत्ती आणि घोडे, किनाऱ्यावरची लढाई. जहाज फुटणे ही घटकाभराची गोष्ट. वाचलेल्या माणसाला पुढे कोण भेटते, कोण घरात घेते, कोणत्या अटीवर घेते, आणि आधी आलेल्यांचे काय झाले, यात त्याचे उरलेले आयुष्य जाते. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराला हे पक्के कळले होते.

त्या लोखंडी नगराचा प्रसंग मला कथेतला सर्वांत कठोर वाटतो. नवे जहाज फुटून माणसे आली, की जुन्या आलेल्यांची किंमत संपते. नव्यांना घर मिळते ते जुन्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेत, आणि हे नव्यांना कोणी सांगत नाही. पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसांच्या वाट्याला हा अनुभव प्रत्येक काळात वेगवेगळ्या रूपांत आला आहे.

अजिंठ्याच्या या भिंतीशेजारी ठेवून पाहावे असे एक चित्र दूर अमेरिकेत काढले गेले. १ एप्रिल १८७३ च्या पहाटे व्हाइट स्टार कंपनीचे अटलांटिक नावाचे वाफेचे जहाज कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्यावरच्या खडकांवर आदळले. लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेल्या या जहाजावर साडेनऊशेच्या आसपास माणसे होती. त्यांतली बहुतेक नव्या देशात बिऱ्हाड थाटायला निघालेली गरीब कुटुंबे. कोळसा कमी पडेल या भीतीने कप्तानाने जहाज हॅलिफॅक्सकडे वळवले होते. पाचशेहून जास्त माणसे गेली. जहाजावरची एकही स्त्री वाचली नाही, आणि मुलांपैकी एकच मुलगा वाचला. दोरीला धरून, गोठवणाऱ्या पाण्यातून खडकावर चढण्याइतके बळ ज्यांच्या हातांत होते तेच तरले.

त्याच महिन्यात, २६ एप्रिलच्या अंकात, न्यूयॉर्कच्या हार्पर्स वीकली या सचित्र साप्ताहिकाने विन्स्लो होमर या चित्रकाराचे रेखाचित्र छापले. होमरने बुडणारे जहाज, उंच लाटा, दोरीवर लोंबकळणारी माणसे यांना मध्यभागी आणले नाही. दगडाळ किनाऱ्यावर वाहून आलेला एका तरुण स्त्रीचा देह आणि त्याच्याकडे वाकून पाहणारा एक माणूस, एवढ्यावरच चित्र उभे आहे. तिचे नाव चित्रात नाही. स्थलांतरितांच्या जहाजावरच्या बायांपैकी ती कोणीही असू शकते. मोठ्या अपघाताची बातमी आकड्यांनी सांगता येते. होमरने तिला एका देहावर आणून थांबवले, आणि ते चित्र अजून विसरले गेलेले नाही.

योग असा, की १८७२–७३ च्या त्याच हिवाळ्यात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यात आले होते आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली की बायकांचा प्रश्न टाळता येत नाही. होमरच्या चित्रात स्त्री बुडून किनाऱ्याला लागलेली आहे. अजिंठ्यात किनाऱ्यावरच्या सगळ्या स्त्रिया राक्षसिणी आहेत. संकटाचे सारे ओझे त्यांच्यावर टाकले आहे. पाचशे व्यापाऱ्यांनी घरी सोडलेल्या बायका भिंतीवर मला तरी कुठे सापडत नाहीत. मोहाविरुद्धचा उपदेश मठात राहणाऱ्या भिक्षूंसाठी होता, हे लक्षात घेतले तरी कथेचा हा पक्षपात पक्षपातच आहे. एक मात्र मान्य करायला हवे. मूल पुढे करून नवऱ्याला परत ये म्हणणारी राक्षसीण रंगवताना चित्रकाराने तिला नुसती भयंकर केलेली नाही. खाली पडणाऱ्या व्यापाऱ्यांचे मन का वळले, हे तिच्याकडे पाहून कळते.

हे चित्र रंगवून घेतले कोणी? इथे गोष्ट पुन्हा खानदेशात येते. अजिंठ्याची दुसऱ्या टप्प्यातली लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, इ.स. ४६० ते ४७७ च्या सुमाराची. सोळावे लेणे त्याचा सचिव वराहदेव याने कोरवले. सतरावे कोरवले ते हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने, आणि त्याचा संस्कृत शिलालेख पडवीच्या भिंतीवर आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख अभ्यासताना हे घराणे ऋषिक देशाचे, म्हणजे आजच्या खानदेशाचे असल्याचा निष्कर्ष काढला. धृतराष्ट्र, हरिसांब, शौरिसांब अशी पिढ्यांची नावे लेखात येतात आणि ती कृष्णदासापर्यंत पोहोचतात. कृष्णदासाला दोन मुलगे. धाकट्याचे नाव रविसांब. थोरल्याचे नाव झिजलेल्या भागात गेले आहे. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. दोघा भावांनी मिळून शेजारचा अश्मक वगैरे मुलूख जिंकला आणि सुखाने राज्य केले. मग धाकटा गेला. लेख त्या मृत्यूकडे अनित्यतेचा आघात म्हणून पाहतो. शोकात बुडालेल्या थोरल्याने पुढे आपले धन धर्मकार्यात ओतले आणि हे लेणे उभे राहिले.

दानलेखांत पुण्याचे हिशेब पुष्कळ सापडतात. भावाच्या मृत्यूने खचलेला राजा एवढ्या स्पष्टपणे क्वचित भेटतो. ज्याच्या बरोबरचे माणूस गेले आणि जो मागे उरला, अशा एका खानदेशी राजाच्या लेण्यात, पाचशे सोबत्यांतून एकटा उरलेल्या सिंहलाची कथा एवढी भिंत व्यापून आहे. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यायला माझे मन तयार होत नाही.

समुद्रापासून इतक्या दूरच्या चित्रकारांना जहाजे कुठून ठाऊक, असे अनेक जण विचारतात. खानदेशाला समुद्र नसला तरी समुद्राची वाट इथूनच जाते. पैठणहून अजिंठ्याचा घाट उतरून तापीच्या खोऱ्यात यायचे, तिथून एक वाट भडोचकडे आणि दुसरी उज्जैनकडे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे आणि दख्खनचा माल गाड्यांतून भडोच बंदरात येत असल्याचे नमूद आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या धारेवर असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांना पैठणच्या एका गंध्याने, म्हणजे अत्तर-सुगंधी पदार्थांच्या व्यापाऱ्याने, दान दिल्याचा लेख आहे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या मार्गाने. थाळनेर आज धुळे जिल्ह्यातले तापीकाठचे शांत गाव आहे. तेव्हा ते सुरतेच्या वाटेवरचा मुक्काम होते. आजचा सुरत–धुळे–जळगाव–नागपूर महामार्ग आणि तापी खोऱ्यातली रेल्वे बऱ्याच अंशी त्याच दिशेने धावतात. घाटातल्या लेण्यांत पावसाळ्यापुरते मुक्कामाला येणारे भिक्षू आणि वाटेने येणारे व्यापारी यांच्या तोंडून समुद्राच्या गोष्टी इथे पोहोचत होत्या.

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात याचा आणखी पुरावा आहे. तिथे पूर्णाची कथा रंगवली आहे. पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रावर जातो. चंदनवनाचा रक्षक यक्ष रागावून वादळ उठवतो. जहाजावरचा व्यापारी हात जोडून भिक्षू झालेल्या पूर्णाचा धावा करतो आणि जहाज वाचते. त्या चित्रातल्या जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत, उंच शिडे आहेत, मागे सुकाणूची वल्ही आहेत, जहाजावर घडे रचलेले आहेत. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मध्ये भारतीय नौकानयनाच्या इतिहासावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनी या जहाजाच्या चित्राचा पुरावा म्हणून आधार घेतला. भारतातल्या प्राचीन जहाजांचे लाकूड कुजून गेले. त्यांच्या बांधणीविषयी बोलायला इतिहासकारांना समुद्र नसलेल्या डोंगरातल्या भिंतीकडे यावे लागते.

आणि जहाज फुटण्याची ही भीती कल्पनेतली नव्हती. सतरावे लेणे कोरले जाण्याच्या अर्धशतकभर आधी चिनी भिक्षू फाहियान सिंहलद्वीपाहून, म्हणजे श्रीलंकेहून, मायदेशी निघाला. व्यापारी जहाजावर दोनशेहून जास्त माणसे होती आणि मागे एक लहान नाव बांधलेली होती. दोनच दिवसांत वादळ आले आणि जहाजाला गळती लागली. व्यापारी लहान नावेकडे धावले. तिच्यावरच्या लोकांना वाटले, एवढे सगळे आले तर आपणही बुडू. त्यांनी दोर तोडून टाकला. मग जड माल समुद्रात फेकायला सुरुवात झाली. फाहियानने आपले भांडे आणि तांब्याही टाकला, पण जवळचे ग्रंथ आणि मूर्ती कोणी फेकून देईल या धास्तीने तो अवलोकितेश्वराचे नाव घेत बसला. तेरा दिवसांनी एक बेट लागले, तिथे गळती बुजवली, आणि नव्वदहून अधिक दिवस भरकटून जहाज जावाला पोहोचले. तोडलेला तो दोर सिंहलाच्या कथेतल्या कुठल्याही राक्षसिणीपेक्षा मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो तोडणारी माणसेच होती.

सतराव्या लेण्यातले हे चित्र बराच काळ दुसऱ्याच नावाने ओळखले जाई. जुन्या पुस्तकांत तो विजयाचा लंकाप्रवेश म्हणून येतो. महावंस या श्रीलंकेच्या पाली ग्रंथात विजय हा देशातून हाकललेला राजपुत्र आहे. त्याला आणि त्याच्या सातशे साथीदारांना अर्धे डोके भादरून जहाजावर चढवून दिले जाते. त्यांच्या बायका वेगळ्या जहाजात, मुले आणखी वेगळ्या जहाजात. विजयाचे जहाज आधी सोपाऱ्याला लागते, तिथे त्याचे साथीदार दंगा करतात म्हणून त्याला पुढे जावे लागते, आणि मग तो लंकेत उतरतो. तिथेही त्याला एक यक्षिणीच भेटते. देशोधडीला लागलेल्या माणसांनी नवा देश वसवल्याची ही कथा आहे, आणि चित्रातले हत्ती उतरवणाऱ्या नावा पाहून अभ्यासकांना तीच आठवली, यात नवल नाही. पुढे घोडा, लोखंडी नगर आणि राजवाड्यावरची गिधाडे यांची ओळख पटली तेव्हा सिंहल निश्चित झाला. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी भिक्षूच्या प्रवासवर्णनात सिंहलाची कथाही आहे आणि अंधाऱ्या दरीतल्या, दाराशी दगडी हत्ती असलेल्या एका विहाराचे वर्णनही आहे. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही उभे आहेत.

मूळ चित्रासारख्याच त्याच्या नकलांच्याही कथा आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरले, आणि लेणी बाहेरच्या जगाला माहीत झाली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्यात राहून मोठमोठ्या कापडांवर नकला करत होता. त्याची वीसएक वर्षांची मेहनत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. मग ग्रिफिथ्स आला. त्याच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत अनेक हंगाम काम केले. त्यांच्याही नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे त्याचे दोन खंड १८९६–९७ मध्ये निघाले. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आली. तिच्याबरोबर कलकत्त्याचे तरुण नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते.

गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठ्यासाठी आयुष्य घालवलेला माणूस जळगाव जिल्ह्याच्या मातीत आहे आणि त्याच्या कबरीकडे जाणारे थोडेच, याची खंत वाटते.

नकला करणाऱ्यांनी चित्रांचे नुकसानही केले. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश फासले गेले. ते पुढे पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि खालचे रंग झाकोळले. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणून ते काढण्याचा प्रयत्न केला. लेणी तेव्हा निजामाच्या हद्दीत होती आणि फर्दापूरच्या पुढे ब्रिटिश खानदेश सुरू होत असे. मूळ काम ओल्या चुन्यावरचे नाही. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीला माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून लिंपले, वर पांढरा पातळ थर दिला, आणि तो सुकल्यावर रंग भरले. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती आणि इथल्याच खडकात मिळणारी हिरवी माती हे रंग हाताशी होते. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. म्हणजे ज्या वाटांवर जहाजे फुटत आणि काफिले लुटले जात, त्याच वाटांनी आलेला हा रंग आहे. मातीचा गिलावा दमट हवेला, वटवाघळांच्या विष्ठेला आणि एका दिवसात आत शिरणाऱ्या शेकडो माणसांच्या श्वासाला फार दिवस तोंड देऊ शकत नाही. सिंहलाच्या भिंतीवरचे जे तुकडे गळून पडले, ते परत येणार नाहीत.

आज खानदेशातून पोटासाठी पुष्कळ माणसे जातात ती त्याच जुन्या वाटेने, सुरतेला. उधना, लिंबायत या वस्त्यांमध्ये अहिराणी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. गावाकडून नवा मुलगा आला की त्याला खोली कोण देतो, काम कोण लावतो, उचल कोण देतो आणि ती कशी फिटते, हे त्या वस्त्यांतल्या जुन्या माणसांना पाठ आहे. सिंहलाचे झाडावरून झालेले संभाषण त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात. शिक्षकांना एकच विनंती आहे. मुलांना निघण्याआधी सिंहलाची गोष्ट सांगा, शेवटच्या अभिषेकापर्यंत पूर्ण सांगा. मग सतराव्या लेण्यात त्यांना उजव्या भिंतीसमोर अर्धा तास उभे करा. फ्लॅश लावू देऊ नका, भिंतीला हात लावू देऊ नका. पांढरा घोडा, गिधाडे आणि नावेतले हत्ती त्यांचे त्यांना शोधू द्या, आणि बाहेर पडवीत आल्यावर तो शिलालेख दाखवून सांगा की हे ज्याने करवून घेतले तो राजा आपल्याच मुलखातला होता.